न आलेल्या दिवसांचा हिशेब

आमच्या घरात लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही होती. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पैठण तालुक्यातल्या गावांतून त्यांच्या बदल्या होत राहिल्या आणि ही वही ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी, त्यांच्याबरोबर फिरत राहिली. १९६९ साली आसपासच्या तीनशे शिक्षकांनी मिळून एक मयत फंड सुरू केला होता. नियम साधा होता. सभासदांपैकी कुणी गेलं की बाकीच्यांनी प्रत्येकी दहा रुपये काढायचे आणि जमलेली रक्कम, जवळजवळ तीन हजार रुपये, त्याच्या घरी नेऊन द्यायची. वडिलांनी दिलेला प्रत्येक दहा रुपया त्या वहीत तारखेसह आहे. समोर गेलेल्या माणसाचं नाव, शाळेचं गाव आणि काही ठिकाणी 'मुलं लहान' एवढीच नोंद.

पहिली आठ-दहा वर्षं फंड उत्तम चालला. सगळे तिशीतले होते, वर्ष-दोन वर्षांतून एखादी वाईट बातमी यायची. पुढे सगळे मिळूनच म्हातारे होत गेले. वर्षाला दोन, मग तीन, मग पाच मयती. नव्याने नोकरीला लागलेली पोरं फंडात यायला तयार होईनात, कारण म्हाताऱ्यांसाठी आपण का भरायचं हा त्यांचा प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता. मग जुनेही गळू लागले. सभासद कमी झाले तशी घरी जाणारी रक्कमही कमी झाली, आणि रक्कम कमी झाली म्हणून आणखी लोक गळाले. २००४ साली वयाच्या पासष्टाव्या वर्षी वडील गेले तेव्हा यादीत ४१ जण उरले होते. त्यांच्यातले एक गुरुजी पाकीट घेऊन आले. आत ४१० रुपये होते. आईने ते दोन्ही हातांनी घेतले आणि देव्हाऱ्यात ठेवले.

यात कुणीही एक पैसा खाल्ला नव्हता, हे मला इथे ठामपणे लिहायचं आहे. पैशाची अफरातफर झाली की आपल्याला निदान रागावायला माणूस मिळतो. इथे सगळे प्रामाणिक होते, सगळ्यांनी वेळेवर पैसे दिले होते, तरी वचन मोडलं. ते गणितामुळे मोडलं. मी मराठवाडा विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला लागलो तेव्हा जीवनसारणीचा धडा आला. कुठल्या वयात हजारातली किती माणसं वर्षभरात जातात याचा तो तक्ता. तो समोर आला आणि मला वर्गातच वही आठवली. सुट्टीत घरी गेल्यावर मी वडिलांना म्हणालो, "दादा, हा फंड टिकणार नाही." त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल तुझं खरं. पण इतक्या घरी मी जाऊन आलोय. आता मधेच थांबलो तर त्यांना तोंड कसं दाखवू?"

हे पुस्तक ज्या व्यवसायाची ओळख करून देतं, त्याची सुरुवात जवळजवळ अशाच एका फंडापासून झाली. लंडनमध्ये १७०६ साली अ‍ॅमिकेबल सोसायटी नावाची संस्था निघाली. तिथे वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर प्रवेश नव्हता, पण आत असलेल्या तरुणाला आणि प्रौढाला वर्गणी मात्र एकच. जेम्स डॉडसन नावाचा गणिताचा शिक्षक पंचेचाळिशी ओलांडल्यावर तिथे गेला आणि वयामुळे परत पाठवला गेला. त्या नकारातून त्याने प्रश्न हाती घेतला: माणसाच्या वयाप्रमाणे हप्ता ठरवला आणि तो आयुष्यभर तेवढाच ठेवला तर किती पडेल? एडमंड हॅली, ज्याच्या नावाने धूमकेतू ओळखला जातो तोच, त्याने १६९३ साली ब्रेस्लाव शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून एक जीवनसारणी करून ठेवली होती, त्यामुळे वाट पूर्वीच थोडी खुली झालेली होती. डॉडसनचं उत्तर असं की तरुणपणी माणसाने आपल्या त्या वर्षाच्या जोखमीपेक्षा थोडं जास्त भरायचं. ते जास्तीचे पैसे खर्च करायचे नाहीत, व्याजाने वाढू द्यायचे, आणि म्हातारपणी जोखीम वाढली की त्या साठ्यातून तूट भरून काढायची. डॉडसन १७५७ साली गेला. त्याच्या पद्धतीवर उभी राहिलेली इक्विटेबल संस्था १७६२ साली सुरू झाली आणि तिच्या अधिकाऱ्यासाठी 'अ‍ॅक्च्युअरी' हा शब्द वापरला गेला.

आमच्या गुरुजींच्या फंडात हा साठाच नव्हता. ज्या वर्षी जेवढे मृत्यू, त्या वर्षी तेवढी वर्गणी. उद्याचं ओझं उद्यावर टाकलेलं होतं, आणि उद्या उजाडला तेव्हा ते उचलायला माणसंच शिल्लक नव्हती.

अ‍ॅक्च्युअरीला मराठीत विमागणिती म्हणतात. शब्द चांगला आहे, पण कामाच्या मानाने अपुरा आहे, कारण हे काम विम्यापुरतं उरलेलं नाही. जिथे आज पैसे घेऊन पुढच्या अनिश्चित दिवसाचं वचन दिलं जातं तिथे तिथे ते लागतं. आयुर्विमा, वाहनविमा, आरोग्यविमा, पेन्शन, ग्रॅच्युइटी, पीकविमा. लेखापाल होऊन गेलेल्या दिवसांचा हिशेब ठेवतो. विमागणिती न आलेल्या दिवसांचा ठेवतो.

आपल्या भागाला हे अगदीच नवं आहे असंही नाही. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, १९०७ साली, संस्थानच्या नोकरांसाठी कुटुंब निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १९१३ साली त्याचं रूपांतर सरकारी आयुर्विमा निधीत झालं. त्याचा वारस असलेला विमा विभाग आजही तेलंगणात सरकारी कर्मचाऱ्यांसाठी चालतो. त्याच १९१३ साली इकडे साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. मुंबईसारख्या पेठेत न जाता जिल्ह्याच्या गावात बसून आयुर्विम्याची कंपनी चालवणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्याआधी, १८७०च्या सुमारास, बॉम्बे म्युच्युअलने हिंदी माणसाचं आयुष्य युरोपियनाइतक्याच दराने उतरवायला सुरुवात केली होती. तोवर हिंदी माणसाकडून जादा हप्ता घेतला जायचा. म्हणजे हप्त्याच्या तक्त्यात कुणाचं आयुष्य किती भरवशाचं मानायचं, हा प्रश्न सन्मानाचाही असतो. इथल्या विमेदारांच्या मृत्यूच्या अनुभवावरून भारतीय सारण्या पुढे तयार होत गेल्या. मुंबईच्या ओरिएंटल कंपनीची १९२५-३५ची सारणी अनेक वर्षं वापरात होती. आज २०१२-१४ची भारतीय विमेदार सारणी वापरली जाते.

१९ जानेवारी १९५६च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवरून बोलले आणि आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतल्याचं देशाला कळलं. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आलं, २४५ कंपन्या आणि संस्था त्यात विलीन झाल्या. आधीच्या दशकात पंचवीस विमा कंपन्या बुडाल्या होत्या. आमच्या शहरात अदालत रोडवर महामंडळाचं विभागीय कार्यालय आहे. हप्ता भरायला आलेल्या माणसांची रांग मी तिथे कितीतरी वर्षं पाहिली. त्यातल्या कुणालाही आपला हप्ता कुणी, कसा ठरवला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची गरजही नव्हती, इतका विश्वास होता. तो विश्वास राखण्याची जबाबदारी कायद्याने ज्याच्या अंगावर टाकलेली असते तो माणूस म्हणजे कंपनीचा नियुक्त विमागणिती. आजही प्रत्येक विमा कंपनीला तो नेमावाच लागतो.

आता मराठवाड्याच्या ज्या प्रश्नासाठी मला हे पुस्तक इथल्या मुलांच्या हाती जायला हवं आहे, त्याकडे येतो. तो प्रश्न पीकविम्याचा.

पीकविम्याचा विचार या देशात ज्यांनी शास्त्रशुद्धपणे मांडला ते वि. म. दांडेकर मराठी होते, पुण्याच्या गोखले संस्थेतले. आधी १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ कापसासाठी एक प्रयोग झाला होता. त्यात प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान स्वतंत्रपणे मोजायचं ठरलं. काही वर्षांत साडेचार लाखांच्या हप्त्यांवर जवळपास अडतीस लाखांचे दावे द्यावे लागले आणि तो प्रयोग बंद पडला. दांडेकरांनी १९७६ साली वेगळा मार्ग सुचवला. एकेका शेताचं उत्पन्न मोजत बसू नका. एकसारखी जमीन आणि एकसारखा पाऊस असलेला टापू धरा, त्या टापूचं सरासरी उत्पन्न मोजा, आणि ते घसरलं तर टापूतल्या सगळ्या विमेदार शेतकऱ्यांना त्याच प्रमाणात भरपाई द्या. १९७९ची पथदर्शक योजना या विचारावर निघाली, १९८५ची व्यापक योजना त्यावरच, आणि २०१६च्या खरिपापासून सुरू झालेल्या पंतप्रधान पीकविमा योजनेचा कणाही तोच आहे. टापूचं उत्पन्न मोजायचं ते पीक कापणी प्रयोगांनी. नमुना निवडीचं शास्त्र लावून हे प्रयोग देशभर उभे करण्यात पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे या दोघांचा मोठा वाटा आहे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पुढे मी शिकवायला लागलो तेव्हा वर्गात ही नावं घेताना मला नेहमी वाटायचं, की हे काम आपल्या घरातलं आहे आणि आपल्याच मुलांना ते कुणी सांगितलेलं नाही.

हिशेब कसा होतो ते पाहू. समजा, एका महसूल मंडळात सोयाबीनचं गेल्या सात वर्षांचं हेक्टरी उत्पन्न १२, १४, ५, १३, ११, ४ आणि १५ क्विंटल आहे. सातांतली सर्वांत चांगली पाच वर्षं घ्यायची. ४ आणि ५ बाजूला गेले, उरलेल्यांची सरासरी १३. जोखीम स्तर ७० टक्के असेल तर १३ चे ७० टक्के, म्हणजे ९.१ क्विंटल, हे उंबरठा उत्पन्न झालं. यंदा मंडळात साडेसहा क्विंटल आलं. उंबरठ्यापेक्षा २.६ ने कमी. ही तूट उंबरठ्याच्या दोन सप्तमांश आहे, म्हणून विमा संरक्षित रकमेच्या दोन सप्तमांश भरपाई. हेक्टरी ४९ हजारांचा विमा असेल तर १४ हजार.

हा आकडा नदीकाठच्या शेतकऱ्यालाही तोच आणि माळरानावरच्यालाही तोच. ज्याचं पीक पूर्ण गेलं त्याच्या हातात १४ हजार, आणि शेजारी ज्याचं बरं आलं त्याच्याही हातात १४ हजार. मंडळाची सरासरी ९.१ च्या वर राहिली तर ज्याचं सगळं गेलं त्यालाही सरासरीच्या हिशेबात काहीच नाही. पिकांच्या पंचनाम्यावरून, पर्जन्यमापक कुठे बसवलाय त्यावरून, कापणी प्रयोग कुणाच्या शेतात झाला त्यावरून इथे दरवर्षी भांडणं होतात, मोर्चे निघतात. त्या रागात पुष्कळ सत्य आहे. पण तो राग कागदावर मांडून, टापू लहान केला तर हप्ता किती वाढेल, जोखीम स्तर ७० चा ८० केला तर सरकारवर किती बोजा पडेल, सातांतली वाईट वर्षं चार असतील तर सरासरीचा हा नियम कुणाला मारतो, हे विचारणारा आणि त्याचं उत्तर काढू शकणारा माणूस हे जिथे ठरतं त्या टेबलाशी आपल्याकडून बसलेला नसतो.

बीडचं उदाहरण घ्या. २०२० साली तिथे ८०-११०चा पॅटर्न आला. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्य सरकारने उचलायचा, आणि भरपाई फारच कमी झाली तर कंपनीने हप्त्याचा ठरावीक भाग स्वतःकडे ठेवून उरलेला सरकारला परत करायचा. जोखीम कुणी किती घ्यायची याची ही वाटणी आहे आणि ती निव्वळ विमागणिताची गोष्ट आहे. खरिपाच्या अन्नधान्य आणि गळीत पिकांना शेतकऱ्याचा वाटा दोन टक्के, रब्बीला दीड, कापसासारख्या नगदी पिकांना पाच. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य भरतं. २०२३च्या खरिपात राज्याने शेतकऱ्याचा वाटाही स्वतः उचलून एका रुपयात विमा दिला आणि २०२५ मध्ये ते थांबवलं. गावात चर्चा होते ती या एक रुपयाची आणि दोन टक्क्यांची. खरा, पूर्ण दर कंपन्या निविदेत भरतात. तो कशावरून निघाला, हे गावाने विचारायला हवं आणि त्याचं उत्तर गावाला समजेल अशा भाषेत मिळायला हवं.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला वाळूजला जाऊ. १९८० च्या दशकात बजाजचा कारखाना तिथे आला, मागोमाग शेकडो लहानमोठे कारखाने आले, पुढे शेंद्रा, मग बिडकीन. प्रत्येक कारखान्यातल्या कामगाराची ग्रॅच्युइटी हे एक वचन आहे. १९७२च्या कायद्याने घालून दिलेलं सूत्र सोपं: महिन्याचा शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. २६ हजारांवर निवृत्त झालेल्याला वर्षामागे १५ हजार, वीस वर्षांचे तीन लाख. पण आज तिशीत असलेल्या पाचशे कामगारांचं हे देणं कंपनीने ताळेबंदात आज किती दाखवायचं? त्यातले किती सोडून जातील, किती अपघाताने किंवा आजाराने जातील, कुणाचा पगार कुठवर चढेल आणि तेवढ्या वर्षांत पैशाला व्याज किती मिळेल? हे मोजून सही करणारा विमागणिती बहुतेक वेळा मुंबई-पुण्यातून कागद पाठवतो. वाळूजला बसून हे काम करणारी एखादी सल्लागार कचेरी का नसावी, याचं सबळ कारण मला सापडलेलं नाही.

पेन्शनबद्दल थोडक्यात. १ नोव्हेंबर २००५पासून राज्य सरकारी सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती आणि त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. तेव्हा माझे विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते. संपावर बसलेले शिक्षक, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं, ज्यांना पुढे त्या पेन्शनचा कर भरायचा आहे. दोघांचंही म्हणणं मनापासून होतं. वचन देताना आकडा मांडलेला नसला की वीस वर्षांनी दोन पिढ्या अशा समोरासमोर उभ्या राहतात. आमच्या फंडातल्या जुन्या आणि नव्या गुरुजींसारख्या.

हे काम केवळ सूत्रात आकडे घालण्याचं आहे असा समज मुलांनी करून घेऊ नये. तीस वर्षांनी एक लाख रुपये द्यायचे असतील तर आज किती हवेत? सात टक्के व्याज धरलं तर सुमारे १३ हजार. पाच टक्के धरलं तर २३ हजार. दोन टक्क्यांच्या फरकाने आजचं देणं पाऊणपट वाढलं. आणि तीस वर्षांनी व्याजदर काय असेल हे कुठल्याही सारणीत लिहिलेलं नाही. तिथे अनुभव लागतो, सावधपणा लागतो, आणि विक्री विभागाला गोड वाटणारा आकडा नाकारण्याचं धैर्य लागतं. ज्या इक्विटेबलपासून या व्यवसायाचा आरंभ झाला, त्याच संस्थेने व्याजदर चढे असताना पेन्शनच्या दराची हमी देऊन ठेवली होती. दर खाली आले, माणसं जास्त जगू लागली, ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायासनाने हमी पाळायला सांगितली, आणि डिसेंबर २००० मध्ये २३८ वर्षांच्या त्या संस्थेला नवा व्यवसाय घेणं थांबवावं लागलं. मी शेवटच्या वर्षाच्या वर्गाला ही हकिकत दरवर्षी सांगत असे. गणित येणाऱ्यांचंही चुकतं, म्हणून दरवर्षी पुन्हा मोजायचं असतं. या व्यवसायात त्याला मूल्यांकन म्हणतात.

आता, ज्यासाठी बहुतेक वाचक हे पुस्तक उघडतील त्या गोष्टीकडे. विमागणिती कसं व्हायचं?

भारतात ही पदवी इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया देते. १९४४ साली अ‍ॅक्च्युअरियल सोसायटी म्हणून ती सुरू झाली, २००६च्या कायद्याने तिला आजचं रूप मिळालं, आणि तिचं कार्यालय नवी मुंबईत आहे. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देता येते, तिला एसेट म्हणतात. गणित, संख्याशास्त्र, आकडेवारीचं वाचन, इंग्रजी आणि तर्क हे तिचे विषय. त्यात पास झालं की संस्थेचं विद्यार्थी सभासदत्व आणि मग खरी चढण: सात पेपर मूलतत्त्वांचे, तीन व्यवहाराचे, दोन विशेष विषयांचे, एक प्रगत. एकूण तेरा. वर्षातून दोनदा परीक्षा होतात. संख्याशास्त्राच्या पेपरांत आर ही संगणकभाषा आणि वित्तगणिताच्या पेपरांत एक्सेल हाताशी असावं लागतं. सहा-सात वर्षं लागली तर त्याला उशीर म्हणू नये. चांगली मुलं एकेका पेपरला दोन-तीनदा बसतात. ज्यांना सीएच्या परीक्षा ठाऊक आहेत त्यांना या चढणीची कल्पना येईल.

पण एक गोष्ट आपल्या घरांसाठी फार मोलाची आहे. यासाठी महागड्या कॉलेजात प्रवेश घ्यावाच लागत नाही. सरस्वती भुवन, देवगिरी, मिलिंद, मौलाना आझाद, शासकीय महाविद्यालय, कुठेही बी.एस्सी. किंवा बी.कॉम. करता करता पहिले पेपर देता येतात. विद्यापीठात संख्याशास्त्राची एम.एस्सी. करणाऱ्याची तर निम्मी तयारी वर्गातच होते: संभाव्यता, प्रतिगमन, कालश्रेणी, मार्कोव्ह साखळ्या हे सगळं त्याच्या अभ्यासक्रमात असतंच. तीन-चार पेपर झाले की विमा कंपनीत किंवा सल्लागार संस्थेत पहिली नोकरी मिळण्याची शक्यता तयार होते, आणि पुष्कळ कंपन्या परीक्षेची फी आणि अभ्यासाची रजा देतात. नोकऱ्या आज मुख्यतः मुंबई, पुणे, बंगळुरू आणि गुरुग्राममध्ये आहेत. आयुर्विमा, वाहन आणि आरोग्यविमा, पुनर्विमा, पेन्शनचं सल्लागारपण, परदेशी कंपन्यांचं इथून चालणारं काम. देशात पूर्ण पात्र फेलो अजून शेकड्यांतच मोजता येतात. पगार चांगला असतो. पण पगार ऐकून येणारा मुलगा चौथ्या पेपरला थांबतो, हे मी पाहिलं आहे. ज्याला आकड्यामागचा माणूस दिसतो तो टिकतो.

अडचणी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिली इंग्रजीची. सगळं साहित्य इंग्रजीत आहे, परीक्षाही इंग्रजीत आहे, आणि मराठी माध्यमातून आलेलं मूल प्रश्न समजण्यात जो वेळ घालवतं तो वेळ त्याला उत्तरासाठी हवा असतो. दुसरी अडचण एकटेपणाची. पुण्यात असा अभ्यास करणारे दहाजण एका खोलीत भेटतात. गंगापूर किंवा फुलंब्रीच्या मुलीला घरात कुणाला समजावूनही सांगता येत नाही की ती नक्की काय शिकते आहे. तिला विचारलं जातं, "म्हणजे एलआयसी एजंट होणार का?" एजंटाचं काम मानाचंच आहे, पण तिचं काम वेगळं आहे, आणि ते दोन वाक्यांत मराठीत सांगता यावं एवढीही सोय आजवर नव्हती.

या पुस्तकाच्या लेखिकेला याच प्रश्नातून जावं लागलं. ती माझी विद्यार्थिनी. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली, वसतिगृहात राहून शिकलेली. एका वर्षी तिच्या मंडळाला पीकविमा मिळाला आणि तिच्या वडिलांच्या वाहून गेलेल्या शेताला मात्र अगदी किरकोळ रक्कम आली. तो कागद घेऊन ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "सर, यातला हा आकडा कुठून आला?" तिला उत्तर द्यायला आम्हा दोघांना आठवडा लागला. नंतर तिने एसेट दिली, पहिल्यांदा नापास झाली, पुन्हा दिली. आज ती त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून असे आकडे काढते. व्यवहाराच्या तीन पेपरांतला एक असा आहे की गुंतागुंतीचा निष्कर्ष सामान्य माणसाला समजेल असा लिहून दाखवायचा असतो. ती म्हणते, त्या पेपरचा अभ्यास तिने मनातल्या मनात वडिलांना पत्रं लिहून केला. हे पुस्तक वाचताना मला ती पत्रं दिसत राहिली.

तिने पारिभाषिक शब्दांचा हट्ट धरलेला नाही हे मला आवडलं. जिथे 'उंबरठा उत्पन्न' किंवा 'जीवनसारणी' हे शब्द रुळलेले आहेत तिथे ते, आणि जिथे लोक 'क्लेम', 'प्रीमियम' म्हणतात तिथे तेच. एका बाबतीत मी तिच्याशी वाद घातला. आरोग्यविम्याचं प्रकरण मला तोकडं वाटतं. घाटी रुग्णालयाच्या आवारात रोज दिसणाऱ्या प्रश्नांना त्याहून जास्त पानं हवी होती. पुढच्या आवृत्तीत ती लिहीन म्हणाली आहे. उलट ग्रॅच्युइटीचं प्रकरण वाळूजमधल्या कुठल्याही लेखा विभागात टेबलावर असावं इतकं उपयोगी झालं आहे. सोडवलेली उदाहरणं शंभराहून जास्त आहेत आणि ती सगळी मी कागद-पेन्सिल घेऊन केली.

त्यांतलं एक उदाहरण तिने मला न सांगता घातलं होतं. मी कधीतरी वर्गात लाल वहीबद्दल बोललो होतो ते तिच्या लक्षात राहिलं असावं. तीस वर्षांचे तीनशे शिक्षक, मृत्यूनंतर घरी तीन हजार रुपये, पाच टक्के व्याज. मयतीला दहा रुपये न काढता प्रत्येकाने पहिल्या महिन्यापासून एकच ठरावीक वर्गणी भरली असती, तर ती किती हवी होती? उत्तर येतं महिन्याला पावणेतीन रुपये. वर्षाचे ३३, पस्तीस वर्षांचे १,१५५.

मी ट्रंक उघडून वही काढली आणि वडिलांच्या हातच्या सगळ्या नोंदींची बेरीज केली. ११३ नावं, १,१३० रुपये. पुन्हा एकदा केली. तेवढीच आली.